रोंडोनमध्ये तांदळाचं पीठ

कोस्टारिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर आम्ही सोळा दिवस होतो, मी आणि माझी थोरली बहीण. मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो, ताई कल्याणला. तिचा मुलगा कामानिमित्त त्या देशात गेला, तिथल्या मुलीशी लग्न करून लिमोन प्रांतातल्या एका समुद्रकाठच्या गावात सासूच्या शेजारीच राहू लागला. आम्ही गेलो तेव्हा सुनेला सहावा महिना होता.

ताईच्या मनात काय आहे, ते बॅगा भरतानाच कळलं. तिला बाळंतपणाला तिथं असायचं होतं. पण पहिलं बाळंतपण मुलीच्या आईचं. मुलाच्या आईने आपण होऊन विषय काढायचा नसतो, विहिणीने बोलवावं लागतं.

"तूही तोंड उघडू नकोस," तिने मला बजावलं. "पोरालाही सांगितलंय. लोचटपणा नको."

ही रीत तिकडे कुणाला माहीतच नसेल, मग बोलावणं येणार कसं, असं मी विचारलं. "नाही आलं तर नाही," ती म्हणाली आणि घावनांसाठी दोन किलो तांदळाचं पीठ बॅगेत दाबून बसवलं.

तिथला समुद्र निळा होता, वाळू मात्र काळी. किनाऱ्यावर बदामाच्या झाडांची रांग होती. आमच्या सोसायटीच्या गेटवर जे झाड आहे, तेच. फक्त त्यावर स्लॉथ होते, फांदीला उलटे लटकून राहणारे ते सुस्त प्राणी. ताईने पहिल्याच सकाळी एका स्लॉथवर घड्याळ लावून पाऊण तास नजर ठेवली.

"हा हलतो तरी का रे?"

"आठवड्यातून एकदा खाली उतरतो, आई," भाचा म्हणाला.

"कशाला?"

"शी करायला."

"शिस्त आहे म्हणजे."

गावामागे खाडीचा एक फाटा होता. कोलशेतच्या खाडीवर तिवरं पाहिलेल्या माणसाला तिथली मुळं नवी होती. ती चिखलातून वर येत नव्हती, फांद्यांवरून कमानीसारखी पाण्यात उतरत होती. चिखलाचा वास मात्र तोच. होडीवाल्याने खेकडे दाखवले, ताईने त्यांतली मादी कोणती ते लांबून ओळखलं. त्याने पुढच्या वळणावर तिला परीक्षेसाठी आणखी दोन दाखवले.

विहीणबाई उंच, कमी बोलणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचे आजोबा जमैकाहून रेल्वेमार्ग बांधायला आलेले. "रेल्वेवाले का!" ताई खूश झाली. तिचे यजमान कल्याण यार्डात होते. घरात बोलली जाणारी इंग्रजी मात्र वेगळीच होती. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्या मराठीत करण्यात उभी नोकरी काढलेल्या मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. भाचा दुभाषा झाला.

अंगणात नीरफणसाचं झाड होतं. ताईने लगेच काप करायचे, रवा लावून तळायचे, असं हातांनी करून दाखवलं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं आणि अख्खा नीरफणस निखाऱ्यांत टाकला. तासाभराने काळी साल सोलून आतला गर समोर ठेवला. पावाच्या जवळ जाणारी चव. "काप बरे लागतात," ताई मला हळूच म्हणाली, पण तिने दोनदा घेतला.

रविवारी सुनेचे मामा-मावश्या जेवायला येणार होते. बेत रोंडोनचा: नारळाच्या दुधात मासे, हिरवी केळी, कंद आणि एक अख्खी, न चिरलेली मिरची. ती मिरची आपल्या लवंगीपेक्षा जहाल असते, तिने फक्त वास द्यायचा, फुटायचं नाही. विहीणबाईंनी अंगणातल्या चुलीवर मोठ्या हंडीत दूध आटत ठेवलं, वर मिरची सोडली आणि मासे साफ करायला नळावर गेल्या. ताई चुलीपाशी एकटी उरली.

नारळाचं दूध उकळू द्यायचं नाही, हे तिला वयाच्या आठव्या वर्षापासून माहीत. घट्ट रस शेवटी घालायचा, एक वाफ आली की उतरवायचं. इथं डोळ्यांदेखत दूध फुटत होतं, तेल वर येत होतं, आणि बारा माणसं जेवायला येणार होती. तिने हंडी उतरवली. खोलीतून पीठ आणलं, पाण्यात कालवलं, ओतलं आणि जोर लावून घोटलं. मिरची फुटली.

विहीणबाई परत आल्या. हंडीत पाहिलं, पिठाच्या पिशवीकडे पाहिलं.

"दूध फुटलं होतं," ताई म्हणाली. "पाहुण्यांना फुटलेलं कसं वाढायचं?"

भाच्याने सांगितलं. उत्तर आलं, ते त्याने हळू आवाजात सांगितलं. "आई, ते फोडायचंच असतं. तेल सुटेपर्यंत. त्या मघापासून त्याचीच वाट बघत होत्या."

जेवण झालं. नाइलाजाने त्याच रश्शात मासे शिजवले होते. मामा घाम पुसत होते, एक मावशी पाण्याचा जग घेऊन उठून गेली. तिखट सोसत होतं ते फक्त ताईला, आणि तिने ताट बाजूला सारलं होतं. विहीणबाई त्या दिवशी तिच्याशी बोलल्या नाहीत.

"संपलं," ताई मला म्हणाली. काय संपलं ते विचारण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी तिला अंगणात बोलावलं. तीन नारळ फोडून ठेवले होते. दूध चुलीवर चढलं. त्यांनी ताईचे दोन्ही हात धरून तिच्या पाठीमागे नेऊन ठेवले आणि समोरच्या स्टुलावर बसवलं. दूध फुटायला लागलं तशी ताईने मान वळवली. "बघवत नाही रे," ती म्हणाली. विहीणबाईंनी हनुवटी धरून मान पुन्हा सरळ केली. शेवटी तळाशी साय-खव्यासारखा गाळ बसला, वर स्वच्छ तेल आलं. त्यात उकडलेल्या केळ्याचा तुकडा बुडवून त्यांनी ताईला भरवला.

ताईने सावकाश चावलं. "खमंग आहे," ती म्हणाली. मग उठून उरलेल्या पिठाची घावनं घातली. विहीणबाईंनी चार खाल्ली आणि भाच्यामार्फत विचारलं, हे बाळंतिणीला चालतं का?

ताईने उत्तर दिलं, ते दहा मिनिटं चाललं. अळीव, डिंक, बाळंतशेपा, शेक, तेल, कितव्या दिवशी काय. सून पोटावर हात ठेवून हसत ऐकत होती. विहीणबाई काही हसल्या नाहीत.

"हे मला येत नाही," त्या म्हणाल्या. "तिला सांग, सगळं घेऊन ये. मूल होण्याआधी दोन आठवडे. माझ्या हंडीला मात्र हात लावायचा नाही."

भाचा सांगून थांबला. ताईने तवा पुसला, पिशवीचं तोंड बांधलं.

"बघू," ती म्हणाली. "जमलं तर येईन."

दुपारी तिने मला कल्याणच्या तिच्या नेहमीच्या वाण्याला फोन लावायला सांगितला, चांगले अळीव बाजूला काढून ठेवायला. तिकडे आता रात्रीचा दीड वाजलाय, असं मी म्हटलं.

"मग संध्याकाळी लाव," ती म्हणाली. "पण विसरू नकोस."