हलू नकोस, शिकायचंय

मूल खाली बसल्याशिवाय शिकत नाही, हे ज्यांनी कुणी ठरवलं त्यांनी आयुष्यात एकही मूल नीट पाहिलेलं नाही. स्वतःचंसुद्धा नाही. ते कोण, मला ठाऊक नाही. पण त्यांची माणसं सगळीकडे नेमलेली आहेत. बनारसमध्ये बालाजी घाटामागच्या गल्लीत आमची शाळा, तिच्यात विशेष मुलांचा एक वर्ग, वर्गात सहा मुलं आणि त्यांना शिकवणारी मी. दोनच वर्षांत किस्से इतके साचलेत की ठेवायला कपाट लागेल. आणि कपाट तर भरलेलं आहे.

*

कशाने, ते सांगते. चार अर्ज करून मी मुलांसाठी दोन मोठे बॉल, एक जाड मॅट आणि तोल सांभाळत चालायची लाकडी पट्टी मागवली. सामान आलं. हार घातला, फोटो निघाला, आणि सगळं कपाटात गेलं. बॉलमध्ये हवासुद्धा भरली नाही.

आठ दिवसांनी मी किल्ली मागितली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, अगदी हळहळल्या.

"अगं, काढलं असतं, पण मुलं हात लावतात."

*

सात वर्षांची गार्गी माझ्या वर्गातली. टेबलाशी बसवली की तोंड मिटते. तिला पुढच्या वर्षी शाळेत ठेवायचं की घरी पाठवायचं, हे मार्चमध्ये शाळेची कमिटी ठरवणार होती. अट एकच: वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवायचे.

त्याआधी आला क्रीडादिन. प्रमुख पाहुणे लहान मुलांच्या हालचालीचं महत्त्व यावर पाऊण तास बोलले. मुलं रांगेत, मांडी घालून, ओठांवर बोट. चाळिसाव्या मिनिटाला गार्गी उठली आणि खांबाभोवती फेऱ्या मारू लागली. मोठ्या बाईंनी तिला दंडाला धरून परत आणलं.

"बस बाळा. सर खेळाबद्दल सांगतायत ना?"

भाषण लांबलं म्हणून शर्यती रद्द झाल्या. बक्षिसं मात्र सगळ्यांना मिळाली.

*

गार्गीचे बाबा बँकेत आहेत. भला माणूस. त्यांना मी एक डायरी दिली. रोज पंधरा मिनिटं तिला चढू द्या, उड्या मारू द्या, आणि मग टिक करा, असं समजावलं. महिन्याच्या पंचवीस तारखेला डायरी परत आली. टिक तीस तारखेपर्यंत!

मी विचारलं, हे काय? ते ओशाळून म्हणाले, "ताई, मंथ एंडला वेळ नसतो. आधीच क्लोज करून टाकलं."

*

मग एका रविवारी मी स्वतःच त्यांच्याबरोबर पंचगंगा घाटावर गेले. तिथल्या पायऱ्या चांगल्याच उभ्या. बाबा तिला कडेवर घेऊन उतरायला निघाले. पडेल, उशीर होईल, लोक बघतील, अशी तीन कारणं त्यांनी एका दमात दिली. मी हट्टाने तिला खाली ठेवायला लावलं.

खाली उतरताना गप्प. वर चढताना मी तिचा हात धरला आणि पायरीगणिक मोठ्याने मोजू लागले. चौथ्या पायरीला माझा आवाज थांबला, कारण तिचा सुरू झाला होता. एक पाय, एक आकडा. तेवीसपर्यंत. एकही चुकला नाही. खाली एक नावाडी हातातलं वल्हं सोडून बघत राहिला.

बाबा रडले. खरंच रडले. मग रुमाल खिशात ठेवून त्यांनी विचारलं, "हेच ती खुर्चीवर म्हणेल ना?"

*

कमिटीसमोरच्या परीक्षेच्या दिवशी खुर्चीच होती. मी म्हटलं, जिना दहा पावलांवर आहे, तिथे घेऊ. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले की परीक्षेची एक शिस्त असते.

कमिटीत शब्द चालतो तो गुरुजींचा. मंगला गौरीच्या देवळाजवळ त्यांची वेदपाठशाळा आहे. तिथे मुलं प्रत्येक स्वराला हात वर, खाली, आडवा नेत मंत्र शिकतात. हात चुकला की स्वर चुकला, हे गुरुजी सगळ्यांना सांगतात. त्या आठवड्यात ते घाटावर घसरले होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्याशी बांधलेला.

त्यांनी गार्गीला प्रेमानेच सांगितलं, "हात मांडीवर ठेव. पाय हलवायचे नाहीत. हं, म्हण."

टेबलाखाली तिचा एक पाय उचलला गेला. ओठ उघडले. मोठ्या बाईंनी हळूच तिचा गुडघा दाबला. ओठ मिटले.

सेक्रेटरींनी 'घरी ठेवावे' असं लिहिलं. आता फक्त त्यांची सही राहिली. आमच्याकडे सही शांतिपाठानंतर होते, म्हणून सगळे उभे राहिले. गुरुजींनी डोळे मिटून सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीत अडखळले. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथेच थांबले. चाळीस वर्षं रोज म्हटलेला मंत्र. प्लास्टरबाहेरची बोटं स्वराबरोबर वर-खाली व्हायला बघत होती. सेक्रेटरींच्या हातात पेन उघडंच.

चहाचा ट्रे घेऊन आमच्या शाळेतली कामवाली मौसी दारात उभी होती. गुरुजींच्या पाठशाळेतला झाडू-पोछाही तीच करते. ट्रे टेबलावर ठेवत ती म्हणाली, "गुरुजी का तो हाथ बँधा है। याद कैसे आएगा?"