सोनेरी तबकडी आणि दुसरा नंबर

"परीक्षकांचा निर्णय अंतिम!" असं म्हणून काका रेकॉर्डवर एक फुंकर मारायचे. परीक्षक एकच, ते स्वतः. तक्रार करणार कुणाकडे?

काका सुरतेतल्या एका जरीच्या पेढीवर कारकून होते आणि चाळीत आमच्या समोर राहायचे. साठचं दशक सरत आलं होतं. अख्ख्या चाळीत ग्रामोफोन एकच, तो त्यांच्याकडे. त्यामुळे आम्ही सगळ्यांनी आपापल्या रेकॉर्डी त्यांच्याच कपाटात नेऊन ठेवलेल्या.

एकदा कुठल्याशा मासिकात त्यांनी फोटो पाहिला. परदेशात म्हणे गाणाऱ्यांना सोनेरी तबकडी बक्षीस देतात. झालं! "सुरतेत राहून आपल्याला सोनेरीचा काय तोटा?" गणपतीचं मखर रंगवून उरलेला सोनेरी रंगाचा डबा होताच. त्या वर्षापासून विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी चाळीत बक्षीस समारंभ सुरू झाला. वर्षभरात सर्वांत जास्त वाजलेली रेकॉर्ड पहिली. काका सगळ्यांसमोर तिला दोन्ही बाजूंनी सोनेरी रंग फासायचे आणि भिंतीवर टांगायचे.

तुमच्या लक्षात आलंच असेल! पहिल्या वर्षी आम्ही टाळ्या पिटल्या आणि दुसऱ्या दिवशी तेच गाणं लावायला गेलो, तर सुई रंगावरून घसरत थेट मधल्या कागदावर. गाणं कायमचं मुकं!

"अहो काका, दुसरी आणून ती रंगवायची ना," मी म्हटलं.

त्यांनी माझ्यावरच डोळे वटारले. "मास्तरीणबाई, बक्षीस विजेत्याला द्यायचं असतं, त्याच्या भावाला नाही!"

मग काय मज्जा सांगू! श्रावण लागला की चाळीत उलटा प्रचार सुरू. आपलं लाडकं गाणं कुणी लावूच देईना. खालच्या मजल्यावरच्या मोटीबेन हात जोडून यायच्या, "काका, मारा गरबाने इनाम ना आपजो!" माझ्या गरब्याला बक्षीस देऊ नका म्हणून. मी तर माझी भजनांची रेकॉर्ड गुपचूप परत आणून गादीखाली लपवली. रात्रभर तिच्यावर झोपले आणि सकाळी तिचे दोन तुकडे. काकांनी तिला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. हसून हसून आमची पोटं दुखली.

बक्षिसासाठी हटून बसायच्या त्या फक्त काकू. त्या धुळ्याकडच्या. लग्नाआधी गावातल्या बायकांबरोबर मुंबईला जाऊन त्या लग्नगीतांच्या एका रेकॉर्डवर गायल्या होत्या. तिच्यावर नाव मुख्य बाईंचं, खाली बारीक अक्षरांत 'आणि साथीदार'. त्या साथीदारांत आमच्या काकू. गाणं लागलं की पदराला हात पुसत बाहेर यायच्या, "ऐका, तो मना आवाज शे!"

काका रोज सकाळी चहाआधी तीच रेकॉर्ड लावायचे. म्हणजे त्यांच्याच नियमाने दरवर्षी तीच पहिली यायला हवी. पण निकाल ठरलेला. काका बोट वर करायचे, "दुसरा नंबर!"

"माझं नाव कधी कुठे छापलं नाही," काकू चिडायच्या, "एकदा भिंतीवर तरी लागू द्या की!" चिडता चिडता त्यांचे डोळे भरून यायचे. काका छताकडे बघत, "परीक्षकांचा निर्णय अंतिम." मला त्यांचा अस्सा राग यायचा! बायकोशी कसला हा हट्ट?

एका पावसाळ्यात काका गेले. तापाचं निमित्त झालं.

त्या वर्षी समारंभ कुणी करणार नव्हतं. पण काकूंची इतक्या वर्षांची इच्छा सगळ्यांना ठाऊक होती. आम्ही सोनेरी रंगाचा डबा आणि नवाकोरा ब्रश घेऊन त्यांच्या दाराशी गेलो.

"काकू, यंदा पहिला नंबर तुमचा."

काकूंनी झटकन रेकॉर्ड छातीशी धरली. "हात लावून तर बघा!"

आम्ही थक्क. मी म्हटलं, "अहो, तुम्हालाच तर हवं होतं ना?"

"मी येडीच," त्या म्हणाल्या. "ही रंगवली असती तर त्यांनी रोज सकाळी काय ऐकलं असतं?"

मग त्यांनी ग्रामोफोनला चावी दिली, रेकॉर्डवर फुंकर मारली आणि सुई ठेवली. खरखर झाली, मागोमाग बायकांचा गलका आला, आणि त्यात कुठेतरी सतरा वर्षांच्या काकू गाऊ लागल्या. काकूंनी डोळे पुसले आणि थेट काकांसारखं बोट वर केलं.

"दुसरा नंबर!"