लॉबीतली झाडं आणि शकूआत्या

शकूआत्या कुणाच्याही घरी गेली की दारात चप्पल काढायची, थेट टीव्हीशेजारच्या नाहीतर खिडकीतल्या कुंडीपाशी जायची आणि एक पान उलटं करून बघायची. "या, बसा" म्हणणारी यजमानीण तशीच उभी. आत्याच्या कपाळाला आठी पडली की समजायचं, आता आपली धडगत नाही. "पाणी घालता, फोटो काढता, पण पानाची पाठ कधी बघितलीत? इथे अख्खं गाव वसलंय!" चहा त्यानंतर. कधी कधी चहा नाहीच, कारण यजमानीण रुसलेली असायची.

आमच्या कोपर स्टेशनजवळच्या बिल्डिंगमधली मुलं तिला 'कीडआजी' म्हणत. मोठी माणसंही म्हणत, फक्त ती लिफ्टमधून उतरल्यावर. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन मी नेमकी तिच्याच बिल्डिंगमध्ये आले. ती तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. माहेरी सगळे म्हणाले, बरं झालं, आत्याचा आधार आहे. आधार होताच, पण त्याच्याआधी ओरडा होता. तिला जाऊन वर्ष होत आलं. तिच्याबद्दल लिहायला बसले की लोकांना वाटतं माझे डोळे भरून येत असतील. नाही येत. माझ्या कपाळाची शीर ताडताड उडते.

तिचा पहिला ओरडा मी खाल्ला तो मनीप्लांटवरून. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी साठलं होतं. मी दुकानातून एक स्प्रे आणला आणि ओट्यावर ठेवला. आत्या साखर मागायला आली आणि साखर विसरली. बाटली उलटी करून चष्म्याशी धरली. "मंजू, मागे खोपडी छापलीय. आणि तू ही पोळपाटाशेजारी ठेवलीस?"

"अगं आत्या, घरात मारायचाच आहे तो. दुकानदार म्हणाला, सेफ आहे."

"त्याला म्हणावं, तुझ्या देव्हाऱ्यात मार."

मग तिने मला पिठ्या ढेकूण ओळखायला शिकवलं, कारण त्या कापसाचं नाव तेच होतं. कुंडी बाकीच्या झाडांपासून लांब नेली. रिठे रात्रभर भिजत घालून, उकळून, गाळून त्याचं फेसाळ पाणी केलं, त्यात आणखी पाणी ओतून पातळ केलं आणि आधी एकाच पानावर लावून दुसऱ्या दिवशी ते पान कसं आहे ते बघितलं. तोवर बाकीच्या झाडाला हात लावू दिला नाही. बेचक्यातले चिकट गोळे कापसाच्या बोळ्याने, स्पिरिटचं बोट लावून, एकेक करून काढायला लावले. माझी पाठ मोडून आली. "झालं ना आता?" मी विचारलं. "काय झालं? अंडी राहिलीत. आठवड्याने पुन्हा. त्याच्या पुढच्या आठवड्याला पुन्हा. विष एकदाच मारायचं असतं म्हणून तुम्हाला ते आवडतं."

गंमत म्हणजे किड्यांवर ती कधीच चिडायची नाही. "ते पोटासाठी येतात, त्यांना काय माहीत हा तुमचा हॉल आहे?" असं म्हणायची. कुंडीतल्या मातीवर बारीक चिलटं उडायला लागली की ओरडा चिलटांना नाही, पाणी घालणाऱ्याला. "माती वाळू दे की जरा! दोन वेळा पाणी म्हणजे माया नाही, बुडवणं आहे ते." लाल कोळी, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी कीड, झाली की झाड न्हाणीत नेऊन नळाखाली धरायचं, पानांच्या पाठीवर धार मारायची. कडुनिंबाचं तेल साबणाच्या कोमट पाण्यात घोटून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर फवारायचं. नर्सरीतून आणलेलं नवीन झाड पंधरा दिवस सोवळ्यात, कुणाला शिवायचं नाही. कुंडीवर मुंग्या चढताना दिसल्या की आधी मुंग्यांचा रस्ता शोधायचा, कारण त्याच पिठ्या ढेकणाची राखण करतात. हे सगळं ती रागावूनच सांगायची. तिच्या तोंडून मी एकही गोष्ट शांतपणे ऐकलेली नाही.

या रागाचं मूळ मानपाड्याच्या बाजूला होतं. तिचे यजमान, आमचे अण्णा, तिकडच्या एका कारखान्यात होते. कीटकनाशकाची पावडर पिशव्यांत भरायचं काम. मी लहानपणी त्यांच्याकडे राहायला जायचे तेव्हा संध्याकाळी अण्णा आले की आधी वास यायचा, मग अण्णा. ते कधी चिडले नाहीत, कुणाला उलट बोलले नाहीत. मग त्यांचा हात थरथरायला लागला. कपातला चहा बशीत, बशीतला सदऱ्यावर. छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. कारखान्याच्या डॉक्टरने सांगितलं, सिगारेट सोडा. अण्णांनी जन्मात सिगारेट ओढलेली नव्हती. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाला, यांची प्रकृतीच मुळात नाजूक. निवृत्तीचं वय यायच्या कितीतरी आधी अण्णा गेले.

दिवस झाल्यावर कारखान्यातून दोन माणसं भेटायला आली. बरोबर शाल, श्रीफळ आणि एक मोठा खोका. खोक्यात त्यांच्याच कंपनीचे स्प्रे होते. झुरळांचा, डासांचा, झाडांवरचा. 'कामगार परिवारासाठी सप्रेम भेट' असं वर छापलेलं. त्या माणसांना त्यात काही वावगं वाटलं नाही, हे मला अजून पचत नाही. ती दोघं चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी आत्याने रिक्षा केली, खोका मांडीवर घेतला आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर ठेवला. माझे वडील तिच्याबरोबर होते, त्यांनी सांगितलेलं. मॅनेजर उठून म्हणाला, "वहिनी, बसा ना." आत्या म्हणाली, "बसायला आले नाही. हे सगळं आज तुमच्या घरी मारा. दारं-खिडक्या लावून, मुलाबाळांना आत बसवून. मग सांगा मला कुणाची प्रकृती नाजूक आहे." त्या दिवसापासून तिच्या घरात विषाचा थेंब आला नाही.

आता लॉबीचं सांगते.

आमच्या बिल्डिंगला खाली काचेचं दार असलेली लॉबी आहे. आधी तिथे फक्त मीटरबॉक्स आणि कुणाच्या तरी मोडक्या सायकली होत्या. आत्याने सेक्रेटरीच्या मागे लागून सायकली हलवल्या आणि कलमं करून करून कमी उजेडात जगणारी झाडं तिथे लावली. मनीप्लांट, स्नेक प्लांट, पाम. सगळी तिच्या हातची, दर रविवारी ओल्या फडक्याने पान न् पान पुसलेली. येणारे-जाणारे तिथे उभं राहून सेल्फी काढायचे. एकदा पामवर पिठ्या ढेकूण आला. आत्याने पाम बाजूला काढून उपचार सुरू केले होते. पण बिल्डिंगचा वर्धापनदिन आठवड्यावर आला होता, पाहुणे येणार होते आणि सेक्रेटरींना पांढरा ठिपकासुद्धा नको होता. ग्रुपवर मेसेज पडला, पेस्ट कंट्रोल, लॉबी आणि जिने.

आत्या सेक्रेटरींच्या दारात गेली. मी सोबत होते.

"लॉबीत मारू नका. काचेचं बंद दार आहे, वारा नाही. खालच्या गौरीची लहान मुलगी आहे, तिचं दार लॉबीतच उघडतं. मला चार दिवस द्या, मी एकेक पान पुसून देते."

"काकू, तुम्ही उगाच इश्यू करताय. हर्बल असतं आजकाल सगळं."

"हर्बल असेल तर डब्याचं नाव दाखवा."

"बरं बाबा, झाडं सोडून मारायला सांगतो. लॉबीत नाही मारणार. झालं समाधान?"

शब्द दिला होता त्याने. माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या भाजी घेऊन परत आली तर लॉबीचं दार बंद, आतून काच धुरकटलेली आणि एक माणूस पाठीवर पंप घेऊन पामवर फवारतोय. वास रस्त्यावर जाऊ नये म्हणून दार लावायला सेक्रेटरीनेच सांगितलं होतं. आत्याचा आवाज मी दुसऱ्या मजल्यावर ऐकला. "फवारा खाली ठेव! आधी खाली ठेव!" मी जिन्याने धावत उतरले. दार सताड उघडलेलं, उंबऱ्यात भाजीची पिशवी आडवी, भेंड्या सगळीकडे. त्या माणसाच्या तोंडाला साधा रुमाल बांधलेला. आत्या त्याच्यावर ओरडत होती, "मास्क किधर है तुम्हारा? दिया नहीं किसीने?"

"आजी, हमको तो आदत है."

"हमारे अण्णा को भी आदत ही थी!" असं म्हणून तिने त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं.

मग ती गौरीच्या दारावर थापा मारायला लागली. गौरीने दार उघडलं तेव्हा तिला काहीच माहीत नव्हतं. ती मुलीला, ईराला, झोपवून आत कपडे घडी घालत होती. दाराखालच्या फटीतून आत काय येतंय हे तिला कसं कळणार? ईरा गादीवर बसून ओकत होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. आत्याने पोरीला उचललं, पदर तिच्या नाकाशी धरला आणि त्याच लॉबीतून पळत रस्त्यावर आली. सत्तरी ओलांडलेली बाई. समोरून येणाऱ्या रिक्षापुढे आडवी उभी राहिली. हॉस्पिटलमध्ये ईराला ऑक्सिजन लावला. दोन दिवसांनी पोर घरी आली, धावायला-खेळायला लागली. आत्याचा खोकला मात्र थांबला नाही.

तुम्हाला वाटेल, यानंतर सेक्रेटरीने माफी मागितली असेल. त्याने मीटिंग बोलावली. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, माइक, वेफर्स. तो म्हणाला, "मुलीने बाहेरचं काही खाल्लं असेल. डॉक्टरांनी कुठे लेखी दिलंय? आणि मूळ प्रश्न झाडांचा आहे. झाडं नसती तर कीड नसती, कीड नसती तर फवारणीच नसती." लोकांनी माना डोलावल्या. शिकली-सवरलेली माणसं, बँकेत, शाळेत, ठाण्याच्या ऑफिसांत कामाला जाणारी, आणि माना डोलावल्या!

गौरी तोवर कधी मोठ्याने बोललेली मी ऐकली नव्हती. ती उठली. "तुम्ही शब्द दिला होता लॉबीत मारणार नाही म्हणून. माझी मुलगी काळीनिळी झाली होती."

"ताई, इमोशनल होऊ नका," सेक्रेटरी म्हणाला.

आत्या खोकत उभी राहिली. "मग माणसंही काढा बिल्डिंगमधून. झुरळं तुमच्या खरकट्यावर येतात, माझ्या झाडांवर नाही."

कुणीतरी हसलं. मग हात वर करायला सांगितलं. झाडं ठेवावीत म्हणून हात वर झाले ते चारच, आत्याचा, गौरीचा, माझा आणि माझ्या नवऱ्याचा. बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. त्यात असेही होते ज्यांच्या घरातली झाडं आत्याने वाचवली होती. मी एकेकाचा चेहरा बघून घेतला.

आत्या रडेल असं मला वाटलं. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी पानं तीनतीनदा धुतली, पुसली, आणि कुंड्या लिफ्टमध्ये घातल्या. ज्यांनी ज्यांनी झाडांविरुद्ध हात वर केले होते त्यांच्या दारांवरच्या बेल वाजवल्या. "लॉबीत नको म्हणालात. घरात नको, असं नाही म्हणालात. घ्या." दोघांनी तोंडावर दार लावलं. काहींनी भीडेखातर कुंडी घेतली. सेक्रेटरीच्या घरी त्याच्या बायकोने दार उघडलं. तो मागून ओरडत होता, "काही घ्यायचं नाही!" तिने पाम दोन्ही हातांनी घेतला आणि हळूच विचारलं, "काकू, याला पाणी किती घालू?"

"बोट खुपसून बघ. माती कोरडी लागली तर घाल," आत्या म्हणाली. तेही रागावूनच.

पावसाळा संपता संपता तिला जिना चढणं जमेना. मग घरातल्या घरात चालणं जमेना. तपासणाऱ्या डॉक्टरांना मी लॉबीचं सांगितलं, अण्णांच्या कपड्यांना येणाऱ्या वासाचं सांगितलं, ते कपडे इतकी वर्षं हिनेच धुतल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "वयही झालंय ना आता." ठाण्याला राहणारा तिचा मुलगा तिला न्यायला आला. गाडीत बसताना तिने माझं मनगट धरलं. दर दोन शब्दांनी थांबत होती. "माझ्या कुंड्या तुझ्याकडे. आणि जरा रागवायला शीक. सारखं 'जाऊ दे, जाऊ दे' करतेस."

ठाण्याला ती जेमतेम महिनाभर होती.

ती गेल्याचं कळलं त्या सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर सेक्रेटरीचा मेसेज आला. गुलाबांचं चित्र, खाली दिवा, आणि मजकूर: 'शांत, हसतमुख व सर्वांशी मिळूनमिसळून वागणारं व्यक्तिमत्त्व हरपलं.' त्याच्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'ॐ शांती.' 'झाडांवर फार प्रेम होतं काकूंचं.' मी ते वाचत गेले तसे माझे कान तापले. त्यांनी तिला एकदा गच्चीवर हरवलं होतं, आता मेल्यावर तिचा रागही काढून घेत होते.

मी लिहिलं: 'माझी आत्या शांत नव्हती आणि हसतमुख तर अजिबात नव्हती. ती रागावलेली होती. तुमच्यावर रागावलेली होती, आणि तिचं बरोबर होतं.'

मग गौरीचा मेसेज आला: 'ईराला त्यांनीच बाहेर काढलं. बाकी कुणी आलं नव्हतं.'

सेक्रेटरीने मला वेगळा फोन केला. "मॅडम, आज तरी असं नको. लोकांच्या भावना दुखावतात. प्लीज तेवढा मेसेज डिलीट करा."

"दुखावू देत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.