पंगतीतली खुर्ची

माणूस किती वर्षं जगला हे जन्मतारखेवरून कळतं. किती वर्षं धडधाकट जगला, हे मोजायची आमच्या गावाची पद्धत मात्र वेगळी आहे. जमिनीवरच्या पंगतीतून हात न टेकता उठता येतं, तोवरची वर्षं धडधाकट. हात टेकला की पुढच्या जेवणाला भिंतीलगतची खुर्ची आणि बिनतिखटाचं वरण. त्यापुढचं आयुष्य नुसतं वयात धरायचं.

मागच्या महिन्यात आरोग्य केंद्रातली ताई माहिती घ्यायला घरी आली. माझ्या मोठेबाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, तिनं विचारलं, "बाबा, कोणत्या वयापर्यंत तब्येत ठणठणीत होती?"

"होती काऊन म्हणतं वं? आहे."

मेथी निवडता निवडता मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "थांब वं पोरी. मंगळवारी अमडापूरले भंडारा आहे. तिथं समजते."

मोठेबाबांचा गुडघा दिवाळीपासून कुरकुरतो, हे तिला ठाऊक होतं. पण मोठेबाबांनीही डाव आखला होता. भंडाऱ्याला जाताना ऑटोत माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मी खातच राह्यतो. सारे उठून गेले का आरामात उठतो. पाहाले कोण राह्यते?"

जन्मभर पंगती जेवलेला माणूस नेमकी एकच गोष्ट विसरला. शेवटच्याचं जेवण आटोपल्याशिवाय आमच्याकडे पंगत उठत नाही.

मोठेबाबा वरणात बट्टी कुस्करत होते आणि अख्खी पंगत त्यांच्याकडे बघत होती. मांडवाबाहेर पुढची पंगत ताटकळत उभी. वाढपी टोपली घेऊन यायचा, मोठेबाबा त्याला हसून आणखी एक मागायचे.

शेवटी शेजारी बसलेला त्यांचा शाळासोबती वैतागला. "काऊन बे, घरी जेवू घालत नाही काय?"

"तुह्यासाठी थांबलो. तुले उठवा लागते ना."

मोठेबाबांनी हात पुढे केला. सोबत्यानं तो घट्ट धरला. दोघांनी एकमेकांना असं काही ओढलं की दोघंही एकदम उभे.

"पाह्य, उठवलं तुले," मोठेबाबा म्हणाले.

"हट बे. मीच तुले उठवलं."

सारी पंगत हसली. मीही हसत हसत उठलो. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून उजवा हात जमिनीला जरासा, अगदी जरासा लागला. मी पन्नाशीतला, माझ्याकडे कोण बघतंय?

बायकांच्या पंगतीतून मोठीआईचा आवाज आला, "त्या दोघाईचं राहू द्या. पुढच्या साली याले खुर्ची ठेवजा."