तीन साधु आणि एक शेंगदाणा

कळंबच्या वस्तीतल्या त्या घरात पंचशील पाळणारी माणसं दोन होती आणि न पाळणारं माकड एक. भीमाबाई नव्या पाहुण्यांना हे आधीच सांगून टाकत. म्हणजे चष्मा, चपला आणि मोबाइल ज्याचा त्यानं सांभाळावा.

त्यांचे यजमान श्रीपत खालापूरला एका सरकारी कचेरीत शिपाई होते. निवृत्तीनंतर ते पूर्णवेळ बौद्धाचार्य झाले. लग्न असो, नामकरण असो की मेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, पांढरा सदरा चढवून ते स्कूटरला किक मारत. भीमाबाई मागं बसत. मांडीवर पिशवी, पिशवीत मेणबत्त्या, अगरबत्ती, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. विधी अर्ध्या तासात उरके. त्यानंतर श्रीपतांचं प्रवचन सुरू होई. नवस नको, अंगात येणं नको, हुंडा नको, दारू तर नकोच. तोवर मांडवामागं दोन-चार जण बाटली उघडून बसलेले असत.

"एकतीस वर्सं बोलताय तुमी," परतीच्या वाटेवर भीमाबाई म्हणत. "किती जणांनी सोडली?"

"धाऊनं सोडली की."

"धाऊ मेला. म्हनून सुटली."

श्रीपत गिअर बदलत.

प्रवचनातलं त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं, 'मन म्हणजे माकड, त्याला बांधून ठेवा.' चार वर्षांपूर्वी कर्जत-मुरबाड रस्त्यावर एक माकडीण गाडीखाली आली. तिच्या पोटाला चिकटलेलं पिल्लू श्रीपतांनी उपरण्यात गुंडाळून घरी आणलं. मनावरून नाव ठेवलं मन्या. त्याला बांधायचं मात्र दोघांच्याही मनात आलं नाही. दोरी नाही, साखळी नाही. त्यामुळे ते वाक्य आलं, की मांडवातून हमखास आवाज येई, "आदी घरचं बांधा, गुरुजी!"

मन्याला वळण लावण्याचा दोष भीमाबाईंचा. विहारात दर रविवारी त्या मुलांची वंदना घेत. त्रिसरण होईपर्यंत मुलं टिकत, पंचशिलाच्या मध्यावर पळत. म्हणून भीमाबाईंनी युक्ती काढली. शेवटचं 'साधु, साधु, साधु' हात जोडून म्हणायचं. तिसरा साधु झाला, की जोडलेल्या ओंजळीत भाजलेले शेंगदाणे. मन्या खिडकीत बसून हे बघत होता. दोन महिन्यांत त्यानं बाकीचा सगळा पाठ सोडून नेमका शेवट उचलला. 'साधु' ऐकलं, की असेल तिथून येई, हात जोडी आणि लगेच ओंजळ पुढं करी.

शेजारच्या आबाजींनी हे पाहिलं तो वार नेमका शनिवार होता. ते नारळ घेऊनच आले.

"भीमाबाय, ह्यो साधा नाय. हात जोडतो."

"शेंगदाण्यासाठी जोडतो, आबाजी."

"मग आमी कशासाठी जोडतो?"

नारळ मन्यानंच पळवला.

चोरी तो रोजच करी, त्यामुळे दुसऱ्या शिलाची चर्चा घरात बंद झाली होती. नशा न करण्याचं पाचवं शील त्यानं जवळच्या एका रिसॉर्टमध्ये मोडलं. मुंबईहून आलेल्या मंडळींचा वाढदिवस होता. मन्यानं कुणाचा तरी बिअरचा ग्लास रिकामा केला, केकवर हात मारला आणि टाळ्या पडल्यावर सवयीनं हात जोडून ओंजळ पसरली. व्हिडिओ संध्याकाळपर्यंत नेरळपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी वनखात्याकडे तक्रार गेली आणि तिसऱ्या दिवशी वनरक्षक विकासचा फोन आला.

"बाई, माकड पाळायला कायद्यानं बंदी हाय. उद्या सकाळी पिंजरा घेऊन येतो."

विकास त्यांच्याच रविवारच्या वर्गातला.

फोन ठेवून भीमाबाई बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या. तांदूळ आधीच निवडलेला होता.

"त्याला जंगलात काय येतंय?" त्या म्हणाल्या. "शेंगा सोलून लागतात त्याला. जाऊ द्यायचा नाय."

"भीमा, खोटं बोलायचं नाय." श्रीपतांनी चौथ्या शिलाची आठवण दिली.

"कोन बोलतंय? पन विचारल्याबिगर खरं तरी कशाला बोलायचं?"

सकाळी त्यांनी केळ्यांची अख्खी फणी मागच्या आंब्यावर उंच फांदीला अडकवली. मन्या वर गेला. मग त्यांनी श्रीपतांना बजावलं, आज घरात तोंडानं गाथा म्हणायची नाही. श्रीपतांनी सकाळची वंदना ओठ मिटून, मनातल्या मनात केली.

विकास आला. पिंजरा जीपमध्ये ठेवला, बूट दाराशी काढले, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंना वाकून नमस्कार केला.

"जयभीम, बाई. माकड कुठंय?"

"तुला दिसतंय का कुठं?"

विकासनं घरभर नजर फिरवली. "नाय दिसत."

"मग चहा घे."

विकासनं सावकाश चहा घेतला. त्या वर्गात त्यानं तीन वर्षं शेंगदाणे खाल्ले होते. कप खाली ठेवून तो फोटोंसमोर मांडी घालून बसला.

"आलोच हाय तर वंदना घेऊ, बाई. लई दिवस झालं."

तीस वर्षं पोरांना वंदनेला बसा म्हणून ओरडणारी बाई नको कशी म्हणणार? त्यांनी श्रीपतांकडे पाहिलं. श्रीपतांनी मेणबत्ती पेटवलीसुद्धा होती. इतक्या वर्षांत आपणहून वंदनेला बसणारं माणूस त्यांना प्रथमच मिळालं होतं.

त्रिसरण झालं. पंचशील सुरू झालं. खोटं न बोलण्याचं 'मुसावादा वेरमणी' म्हणताना विकासचा आवाज चढला आणि भीमाबाईंचा बसला. शेवट आला. भीमाबाई नुसतं पुटपुटल्या. विकासनं मान मागच्या दाराकडं वळवली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "साधु!"

आंबा सळसळला.

"साधु!"

पत्र्यावर काहीतरी धपकन पडलं.

"साधु!"

उंबऱ्यात मन्या. हात जोडलेले, खांद्यावर केळ्याचं साल.

"शेंगदाणा द्या त्याला, बाई," विकास म्हणाला. "शिकवलंय तर."

"तुलापन मीच शिकवलंय रं."

"म्हनून तर."

शेंगदाणे पिंजऱ्यात टाकल्यावर मन्या आपल्या पायांनी आत गेला. जीप माथेरानच्या पायथ्याच्या जंगलाकडे गेली.

भीमाबाईंनी शेंगदाणे भाजणं बंद केलं. रविवारी मुलांना चुरमुरे मिळू लागले. श्रीपतांनी माकडाचं वाक्य गाळलं, त्यामुळे प्रवचन दहा मिनिटं लवकर संपू लागलं आणि ते लोकांना पसंत पडलं.

दोन महिन्यांनी नेरळजवळ, डोंगराच्या पायथ्याला एक लग्न होतं. मांडव पिंपळाखाली होता. नवरी विकासची मावसबहीण, त्यामुळे विकास वाढपाच्या गडबडीत. श्रीपतांनी विधी उरकला आणि सगळ्या मांडवानं एका सुरात म्हटलं, "साधु, साधु, साधु!"

भीमाबाईंनी वर पाहिलं. बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

फांदीवर मन्या होता. अंगानं भरलेला, कानाला एक चावा. हात जोडलेले. त्याच्या शेजारी आणखी दोन माकडं. एकानं मन्याकडे बघत हात जोडले. दुसऱ्यानं अर्धे जोडले आणि मग काख खाजवली.

"भीमा," श्रीपत कुजबुजले, "दोन नवे. धाऊ धरून तीन."

"धाऊला नका धरू."

त्यांचा हात पदराच्या गाठीकडे गेला. दोन महिने भाजणं बंद होतं, तरी त्या गाठीत शेंगदाणे होते आणि अजून कोमट होते.

"बाई!" भाताचं पातेलं घेऊन विकास समोर उभा. "खायला घालायचं नाय हां. खात्याचा नियम हाय."

"विकास, पातेलं घेऊन पलीकडच्या पंगतीला जा."

"मी बघतोय, बाई."

"म्हनून तर जा रं. उद्या सायबानं विचारलं, तर तुझं चौथं शील मोडंल."

विकासनं एकदा वर पाहिलं, एकदा गाठीकडे. मग तो पलीकडच्या पंगतीला भात वाढायला गेला. तिथं सगळ्यांच्या पानात भात होता. तरी तो बराच वेळ, मागं वळून न बघता, वाढत राहिला.