मधल्या पाण्यातला मासा

अण्णा गेल्याची बातमी आली तो मंगळवार होता. मी कॉलेजात पेपर तपासत बसलो होतो. रफिकभाईंचा फोन आला. "सर, टाकी ठीक आहे. पंप चालू आहे. लाइट पण आहे."

"बरं," मी म्हणालो.

रफिकभाई मग म्हणाले, "अण्णा गेले, सर. दुकानात बसल्या बसल्या."

अण्णा माझे थोरले भाऊ. धाराशिवात त्यांचं कापडाचं दुकान. रफिकभाई इलेक्ट्रिशियन, अण्णांचे जुने दोस्त. आणि टाकी म्हणजे अण्णांच्या हॉलमधली आठ फूट लांब, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. आत जिवंत प्रवाळ. समुद्रापासून इतक्या लांब असला उद्योग केल्यावर किस्से साठणारच! महिनाभर भेटायला येणारी माणसं, काय बोलावं ते न सुचून, टाकीचेच किस्से सांगतात. हसतात. प्रत्येक किस्सा घडत होता तेव्हा घरात किती भीती होती, ते वहिनींना, रफिकभाईंना आणि मला ठाऊक.

*

टाकीत मासे होते, पण सगळे खडकांच्या कपारीत लपणारे. मधलं पाणी रिकामं. अण्णांना दिवसभर मोकळ्यावर पोहत राहणारा मासा हवा होता. "दुकानात गिऱ्हाईक शिरलं आणि सगळे सेल्समन काउंटरखाली! तसं वाटतं बघा टाकीकडं बघून," ते म्हणायचे.

पहिल्यांदा पुण्याच्या विक्रेत्याकडून क्रोमिस आणले. बोटाएवढे, हिरवट, थव्यानं पोहणारे. सात. आठवड्याभरात सहा झाले. मग पाच. मेलेला मासा मात्र एकही सापडेना. वहिनी रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी मोजायच्या. एक दिवस त्यांनी मोजणं सोडलं. का, म्हणून मी विचारलं.

"एकच उरलाय, भावजी. आन् त्यो माझ्याकडंच बघतोय!"

*

मग रॅस नावाचा मासा आला. लांबट, चपळ. विक्रेत्यानं बजावलं होतं, हा उडी मारतो, वर जाळी लावा. अण्णांनी दुकानाच्या टेलरकडून मच्छरदाणीच्या कापडाची जाळी शिवून घेतली. चारी बाजूंनी घट्ट. खाणं टाकायला तळहाताएवढं भोक ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मासा सोफ्यामागं सापडला. वाळून कडक.

रफिकभाई डोक्याला हात लावून म्हणाले, "एवढ्या मोठ्या जाळीत ह्याला तेवढंच भोक दिसलं?"

अण्णांनी मासा उचलून तळहातावर घेतला. मग म्हणाले, "भ्यालेल्याला तेवढंच दिसतं."

*

त्यानंतर अण्णा मासा निवडायलाच भ्यायला लागले. विक्रेत्याकडं दोन इंचांचा दिसणारा मासा घरी येऊन फूटभर होतो, हे त्यांनी कुठंतरी वाचलं. मग पॉपलिनच्या तुकड्यांचे मासे कापले, पूर्ण वाढल्यावर होतात तेवढे, आणि चिकटवले टाकीच्या काचेवर. मीटरची पट्टी घेऊन समोर बसायचे. "हा वळला की शेपूट घासणार. नको." एक प्रवाळ कुरतडणारा म्हणून नको. एक दुसऱ्याला जगू देत नाही म्हणून नको.

रफिकभाईंनी एकदा विचारलं, "अण्णा, खरे कधी?"

"ह्यांतला एकबी मरत न्हाय, रफिक," अण्णा म्हणाले.

*

एका दुपारी लाइट गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली. पंप बंद म्हणजे पाण्यातली हवा संपत जाणार. अण्णा, रफिकभाई आणि मी स्टुलांवर उभे राहिलो. तांब्यानं पाणी उपसायचं, उंचावरून परत टाकीत सोडायचं. पुन्हा उपसायचं. दोन तास. हात भरून आले. रफिकभाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले, असं ते अजून म्हणतात.

शेजारचे काका दारात येऊन थबकले. "अभिषेक चाललाय का?"

अण्णांनी मान वळवली नाही. "व्हय. चप्पल काढा, तांब्या घ्या!"

*

वहिनींचं माहेर सास्तूरचं. भूकंप झाला तेव्हा त्या लहान होत्या. रस्त्यानं जड ट्रक गेला की टाकीतलं पाणी थरथरतं. ते दिसलं की वहिनी हातातलं टाकून थेट अंगणात.

"अगं, ट्रक हाय!" अण्णा आतून ओरडायचे.

एकदा वहिनी अंगणातूनच म्हणाल्या, "भूकंपाच्या आधी आमचे आप्पाबी असंच म्हनायचे."

त्या दिवसापासून ट्रक गेला की दोघंही अंगणात!

*

शेवटी अण्णांच्या चाळणीतून एकच मासा उरला. निळा टँग. विक्रेत्यानं तो आपल्याकडच्या वेगळ्या टाकीत राखून ठेवला. अण्णा त्याला दर आठवड्याला सांगायचे, "सोमवारी सांगतो." जायच्या आदल्या दिवशी, त्या सोमवारीही तेच सांगितलं होतं.

परवा अण्णांचा मोबाइल वाजला. मी तिथंच होतो. वहिनींनी स्पीकर लावला. पुण्याचा विक्रेता.

"मॅडम, साहेब फोनच उचलत नाहीत. कामात आहेत का?"

वहिनी म्हणाल्या, "व्हय."

"तो टँग दोन महिने सांभाळलाय. आता दुसरं गिऱ्हाईक मागतंय. काय करायचं?"

मला वाटलं, वहिनी आता फोन माझ्याकडं देतील. त्यांनी फोन आणखी जवळ ओढला.

"उडी मारतो का?"

"जाळी असली की भीती नाही."

"कोरल खातो का?"

"नाही हो, शेवाळ खातो."

"आधीच्या क्रोमिसमधला एक सोडला तर समदे गेले. ह्यो दुसऱ्यांना मारंल का?"

"सुरुवातीला थोडी दादागिरी करेल."

"आन् लाइट गेल्यावर?"

"तेवढं सांभाळावं लागेल, मॅडम. हा सतत पोहणारा मासा. ह्याला हवा सगळ्यात जास्त लागते."

वहिनींनी मग विचारलं, "एकटा राहू शकतो का?"

"एकटाच ठेवायचा असतो, मॅडम."

वहिनींनी टाकीकडं पाहिलं.

"मग असं करा," तो म्हणाला, "साहेबांना एकदा विचारून सांगा."

"विचारते," वहिनी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

फोन माझ्यासमोर टेबलावर चालूच होता. पलीकडून दोनदा "हॅलो, हॅलो" आलं. त्याला खरं काय ते मी सांगायला हवं होतं. अजून सांगितलेलं नाही.