नाव काढलं, वाडी ठेवली

आमच्या संस्थेच्या परवाच्या सभेत एका नव्या सभासदाने विचारलं, की पूर्वी इथे समुपदेशक म्हणून एक मुलगी होती, ती का गेली? अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता." सगळे हसले. मीही मान हलवली. घरी आल्यावर मला स्वतःची अशी शिसारी आली, की पुढचं ताट तसंच बाजूला सारलं. हे खोटं माझ्या हयातीत तरी पुसलं जावं म्हणून लिहितो आहे. पुढच्या सभेत हे लिहिलेलं मीच वाचून दाखवणार आहे.

रत्नागिरीतली आमची संस्था लहान आहे. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना ती सल्ला देते, वेळ पडली तर राहायची सोय करते. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी तिचा मानद सचिव झालो. बँकेत मी कुणाची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही कधी सांगितली नव्हती. त्यामुळे गुप्तता मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती.

ती मुलगी सांगलीकडची. कागदांच्या कपाटाची किल्ली ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवायची आणि येणाऱ्या बायकांबद्दल 'संगमेश्वर तालुक्यातल्या एक ताई' याच्या पुढे बोलायची नाही. मला त्याचा राग यायचा. आपल्याकडे माणूस भेटला की आधी कुठचे, मग कुठची वाडी, मग कुणाच्यातले. तेवढं कळेपर्यंत चहा घशाखाली उतरत नाही. याला आपण आपुलकी म्हणतो. मी तिच्या मागेच लागलो. सचिवाला सांगायचं नाही तर कुणाला, असंही एकदा सुनावलं. शेवटी तिने एका बाईचं नाव आणि वाडी सांगितली. नवरा बोटीवर असतो, हेही सांगितलं आणि घरातली हकिगतही.

ती बाई डोळे तपासायच्या निमित्ताने शहरात यायची. दीर मारायचा आणि सासू तेवढ्यापुरतं दार लावून घ्यायची. नवरा फोनवर भावाचंच ऐकायचा. तिला मुलीला घेऊन बाहेर पडायचं होतं. मुलीची परीक्षा होईपर्यंत घरात कुणाला वास लागता कामा नये, एवढं एकच तिचं मागणं होतं. दोघींसाठी जागाही आम्ही बघून ठेवली होती.

त्याच सुमारास मुंबईहून देणगीदार यायचे होते. अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, की भाऊ, आकडे नकोत, काळजाला हात घालणारं काहीतरी लिहा. मी लिहिलं. बाईचं नाव काढून टाकताना मला आपण फार जबाबदार आहोत असं वाटलं. वाडी मात्र ठेवली, कारण वाडीशिवाय गोष्ट खरी वाटत नाही. नवरा बोटीवर, हेही ठेवलं. मी वेळणेश्वरकडचा. आमच्या किनाऱ्याला घरटी एक माणूस बोटीवर असतो, त्यावरून कोण कुणाला ओळखणार? ती वाडी पार आत, घाटाच्या पायथ्याशी. तिथले बहुतेक पुरुष मुंबईत नोकरीला. बोटीवर गेलेला एकच. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कार्यक्रमात मी ते माईकवरून वाचलं. लोकांनी चुकचुक केली, पाहुण्यांनी डोळे पुसले आणि मग सगळ्यांनी मोदकांवर तूप वाढून घेतलं. एक सद्गृहस्थ ताट घेऊन माझ्याजवळ सरकले. "दिराने अजूनही काही केलं असेल ना हो? तुम्ही लिहिलं नाहीत असं?" त्यांच्या हनुवटीवर तूप ओघळलं होतं. तेव्हाच मला किळस यायला हवी होती. पण मी फुशारून गेलो होतो. सगळंच काही लिहिता येत नाही, असं मी त्यांना डोळे बारीक करून सांगितलं.

माझं ते लिखाण संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं. तिथून कुणी कुणाला पाठवलं कोण जाणे, त्या वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर ते पोचलं. दिराने ते सगळ्या घरासमोर मोठ्याने वाचलं. मुलीला परीक्षेआधीच विरारला आत्याकडे धाडून दिलं.

त्यानंतर ती बाई एकदाच आली. मुलीला परत आणण्यासाठी काही करता येईल का, हे विचारायला. मी तिला म्हणालो, की नाव तर आम्ही कुठेच घातलं नव्हतं. ती म्हणाली,

"भाऊ, त्यापेक्षा नाव घालायचं होतंत. माझ्या नावाच्या वाडीत तिघी आहोत. बोटवाल्याची मी एकटी."

मग, पोर तिकडे असताना मी कुठे जाऊ, असं म्हणाली आणि एसटी चुकेल म्हणून उठली.

यावर कार्यकारिणीची बैठक झाली. बाईचं काय करायचं, हा विषय निघालाच नाही. एकाने तर ती दिसायला कशी आहे, हे विचारून घेतलं. खरा प्रश्न होता, मुळात वाडी बाहेर सांगितली कुणी? भाऊंना तरी कुणी सांगितली? सगळ्यांनी त्या समुपदेशक मुलीकडे बघितलं. "मी सांगितली," ती म्हणाली. मी किती वेळा आणि कसं विचारलं, हे तिने सांगितलं नाही. मी पंख्याकडे बघत बसलो. बाहेरची पोरगी, तिला इथलं काय कळतंय, असं ठरलं. तिला कामावरून काढलं आणि तिच्या निष्काळजीपणामुळे, असं इतिवृत्तात आलं. खाली सचिवाची सही माझी आहे.

परवाच्या सभेनंतर मी तिला फोन केला. आता खरं काय ते सांगणार आहे, म्हणालो. तिने ऐकून घेतलं. "सांगा, काका. पण तेव्हा सांगितलं असतंत तर मी तिथे असते, त्या ताईंसाठी." मग तिने विचारलं, "कशा आहेत त्या?"

मला माहीत नव्हतं. इतक्या काळात मी विचारलंच नव्हतं. त्या बाजूचा एकजण माझ्या ओळखीचा आहे, उद्याच चौकशी करतो, असं मी म्हणालो.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही कुणाला काही विचारू नका. शहरातून कोणीतरी विचारत होतं, एवढं दिराच्या कानावर गेलं तरी त्या मार खातील." आणि तिने फोन ठेवला.

बोलता बोलता मी त्या ओळखीच्याचा नंबर काढूनही ठेवला होता.